कोड हातात, नोंदी परदारी

जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्ड्यासारख्या गावातून सॉफ्टवेअरचं काम करू पाहणाऱ्याला गिटसारखा दुसरा आधार नाही. तालुका जंगलाचा, वस्ती विरळ, डोंगराआड गेलं की रेंज जाते आणि पावसाळ्यात विजेचा नेम नसतो. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिहिलेलं गिट अशा ठिकाणी चोख चालतं. रेपो एकदा क्लोन केला की कोडचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास आपल्या यंत्रावर येतो. मग दिवसभर नेट नसलं तरी कमिट करता येतं, ब्रँच काढता येते, चार वर्षांपूर्वी एखादी ओळ कोणी बदलली ते पाहता येतं. रेंज आली की पुश करायचं.

हे खरं असलं तरी प्रकल्प नुसत्या कोडवर चालत नाही. कोणत्या चुका इश्यू म्हणून कोणी कळवल्या, त्यांवर काय चर्चा झाली, कोणाची पुल रिक्वेस्ट कशामुळे परत गेली, मुख्य ब्रँचवर लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे, कोणती आवृत्ती कधी प्रसिद्ध झाली आणि तिच्यासोबत कोणत्या फाइली दिल्या, यातलं बरंचसं गिटमध्ये नसतंच. ते गिटहब, गिटलॅब, बिटबकेट अशा होस्टिंग सेवांच्या डेटाबेसात असतं. शेत आपण कसतो, पण फेरफार, वारस, बोजा यांच्या नोंदी तलाठ्याच्या दफ्तरात असतात, तशी ही विभागणी आहे. त्या दफ्तरातून उतारा काढायची आणि त्यात नोंद घालायची रीतसर वाट म्हणजे सेवेचा एपीआय. या एपीआयशी आपल्या प्रोग्रॅमच्या भाषेत बोलता यावं म्हणून ज्या लायब्रऱ्या लिहिल्या गेल्या, त्यांचा हा आढावा.

बहुतेक जण या लायब्रऱ्यांकडे सोय म्हणून पाहतात. चाळीस रेपोंना एकच लेबल लावायचं आहे, ते हाताने कोण लावत बसणार? सोय आहेच, तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण नोंदी परदारी असताना त्या आपल्याकडे आणायची हुकमी वाट बहुतेक वेळा हीच असते, आणि लायब्ररी निवडताना व वापरताना हे काम सर्वांत आधी डोळ्यांसमोर असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

परदारी ठेवलेल्या नोंदींचं काय होतं, हे गेल्या दहा-बारा वर्षांत पुरेसं दिसलं आहे. गूगल कोड बंद करणार असल्याचं गूगलने मार्च २०१५ मध्ये जाहीर केलं. ऑगस्टपासून तिथे नवं काही लिहिता येईना आणि जानेवारी २०१६ मध्ये ती सेवा मिटली. २०१५ मध्येच गिटोरियस गिटलॅबने विकत घेतलं आणि ते दार बंद झालं. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियल या प्रणालीतले रेपो ठेवणंच सोडून दिलं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर बंधनं घातली. त्यांचा कोड त्यांच्या यंत्रावर होता, पण खासगी रेपोंभोवतीचा सगळा व्यवहार एका रात्रीत आवाक्याबाहेर गेला.

आपल्याकडचं उदाहरण तर थेट मुंबईशी जोडलेलं आहे. १७ डिसेंबर २०१४ च्या आदेशाने दूरसंचार विभागाने ३२ पत्ते बंद करायला सांगितले. त्यात इंटरनेट आर्काइव्ह, व्हिमिओ, पेस्टबिन यांच्यासोबत गिटहबचं गिस्टही होतं. आयसिसचा प्रचार त्या ठिकाणी होतो, असं दहशतवादविरोधी पथकाचं म्हणणं होतं आणि मुंबईतल्या न्यायालयाच्या आदेशाचा त्याला आधार होता. वर्षाअखेरीस ही गोष्ट बाहेर आली, ओरड झाली आणि काही पत्त्यांवरची बंदी लवकरच उठवली गेली. हे थोड्या दिवसांत निभावलं. पण आपल्या देशातल्या एका कागदाने आपलंच काम आपल्याला दिसेनासं होऊ शकतं, हे त्या वेळी कळलं. पूर्ण गिटहबवर अशी पाळी आली, तर ज्यांच्याकडे फक्त क्लोन असेल, त्यांच्याकडे कोड राहील आणि कामाची यादी नसेल.

आता लायब्रऱ्यांकडे वळू. मुळात एपीआय म्हणजे ठरावीक पत्त्यांवर पाठवायच्या वेब-विनंत्या. एका पत्त्यावर विचारलं की रेपोची माहिती जेसॉनच्या रूपात येते, दुसऱ्या पत्त्यावर मजकूर पाठवला की इश्यू तयार होतो. हे कुठल्याही भाषेत चार ओळींत हाताने करता येतं. लायब्ररी त्यावर तीन गोष्टी चढवते: प्रत्येक रेपो, इश्यू, ब्रँच, सभासद यांना प्रोग्रॅममधल्या वस्तूचं रूप देते, ओळख पटवण्याचं टोकन प्रत्येक विनंतीसोबत जोडते, आणि उत्तर पानापानांनी आलं की पानं उलटण्याचं काम स्वतःकडे घेते.

पायथनवाल्यांची जुनी ओळख पायगिटहबशी. व्हिन्सेंट जॅक्स यांनी २०१२ मध्ये ती सुरू केली आणि आज ती स्वयंसेवक सांभाळतात. गिटलॅबसाठी तेच काम पायथन-गिटलॅब करते. गोव्हाँ पोसांतेक यांनी २०१३ मध्ये लावलेलं हे रोप चांगलं वाढलं आहे, आणि या लायब्ररीसोबत टर्मिनलवरून चालवायची आज्ञाही येते, म्हणून प्रोग्रॅम न लिहिणाऱ्यालाही ती उपयोगी पडते. ऑक्टोकिट हे गिटहबचं स्वतःचं घराणं आहे. जावास्क्रिप्ट, रुबी आणि डॉटनेट अशा भाषांत ते उपलब्ध आहे. गो भाषेत गूगलची गो-गिटहब आहे. जावासाठीची लायब्ररी जेन्किन्सचे कर्ते कोहसुके कावागुची यांनी सुरू केली. पायथनमध्ये नंतर आलेल्यांपैकी जीएचएपीआय आणि गिटहबकिट या दोन वेगळ्या पद्धतीच्या आहेत. गिटहबने आपल्या एपीआयचं यंत्राला वाचता येईल असं वर्णन २०२० मध्ये खुलं केलं, आणि या दोन्ही त्या वर्णनातून घडतात. त्यामुळे नवा पत्ता आला की तो त्यांच्यात लवकर उतरतो. हाताने लिहिलेल्या लायब्ररीत कोणीतरी स्वयंसेवक वेळ काढेपर्यंत थांबावं लागतं. उलट, हाताने लिहिलेल्या लायब्ररीतली नावं माणसाला सुचावीत तशी असतात, उदाहरणं मुबलक असतात, आणि अडलेल्या विद्यार्थ्याला उत्तर लवकर सापडतं. शिकणाऱ्याने पायगिटहब किंवा पायथन-गिटलॅबपासून सुरुवात करावी, असं मी सांगेन. पायगिटहब आणि पायथन-गिटलॅब दोन्ही एलजीपीएल परवान्याखाली आहेत आणि ऑक्टोकिट एमआयटी परवान्याखाली. कंपनीच्या बंद उत्पादनात लायब्ररी घालायची असेल तर हा फरक आधी वाचून घ्यावा.

लायब्ररी चुकीचं उत्तर क्वचितच देते. फसगत होते ती अपुऱ्या उत्तराने, आणि तिथे मला थोडं थांबायचं आहे, कारण नोंदी आपल्याकडे आणताना हीच गोष्ट सर्वांत महाग पडते.

गिटहबचा एपीआय यादी मागितली की एका पानावर ३० नोंदी देतो, मागितल्या तर जास्तीत जास्त १००. गिटलॅब न सांगता २० देतो. ज्याने थेट विनंती लिहिली आणि पहिलं पान आलं की काम झालं असं धरलं, त्याच्याकडे अडीचशे इश्यूंपैकी तीस किंवा वीसच पोचतात. कुठेही लाल अक्षरात इशारा दिसत नाही. पायगिटहबची यादी पुढची पानं आपोआप आणते. पायथन-गिटलॅबमध्ये मात्र सगळी पानं हवी आहेत असं सांगावं लागतं; नव्या आवृत्त्या यादी अर्धवट असल्याची सूचना देतात, आणि त्या सूचनेकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत. दुसरा सापळा याहून आतला. गिटहबकडे इश्यू मागितले आणि स्थिती सांगितली नाही तर तो फक्त उघडे इश्यू देतो. म्हणजे प्रकल्पाची खरी स्मृती जिथे असते, ते सुटलेले, वाद होऊन मिटलेले इश्यू बॅकअपमध्ये येतच नाहीत. गिटलॅबचा रिवाज उलटा आहे, तो न सांगता सगळे देतो. एका सेवेची सवय दुसरीकडे नेली की नेमकं इथे बिनसतं. तिसरी गोष्ट म्हणजे गिटहबच्या लेखी प्रत्येक पुल रिक्वेस्ट हाही एक इश्यू असतो, म्हणून इश्यूंची मोजदाद करताना दोन्ही मिसळतात. आणि गिटहबवरच्या डिस्कशन्स या विभागातलं बोलणं नेहमीच्या रेस्ट एपीआयमधून हाताला लागत नाही. त्यासाठी २०१६ मध्ये आलेल्या ग्राफक्यूएल एपीआयकडे जावं लागतं. केवळ जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवर लिहिलेला बॅकअप तो विभाग गाळूनच पुढे जातो.

यावर उपाय साधा आहे. बॅकअप झाला की संकेतस्थळावर दिसणारा आकडा आणि आपल्या फाइलीतला आकडा एकदा डोळ्यांनी ताडून पाहावा. उघडे, बंद, पुल रिक्वेस्ट, आवृत्त्या, प्रत्येकाचा वेगळा. इतकं करणारे लोक थोडे आहेत.

विनंत्यांचं रेशनिंग हा पुढचा विषय. ओळख न देता गिटहबला तासाला ६० विनंत्या चालतात, आणि त्या मोजल्या जातात आयपी पत्त्यावर. टोकन दिलं की सर्वसाधारण खात्याला तासाला ५,००० मिळतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळी यंत्रं एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे वर्गातल्या दहा मुलांनी बिनटोकनाचा प्रोग्रॅम चालवला की काही मिनिटांत सगळ्यांचंच दार बंद होतं. मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. म्हणून गावात एकट्याने बसून काम करणाऱ्यालाही अनोळखी माणसांसोबत ते ६० वाटून घ्यावे लागू शकतात. टोकन पहिल्या दिवसापासून वापरावं.

५,००० पुष्कळ वाटतात, पण लायब्ररीच्या स्वभावामुळे ते झपाट्याने उडू शकतात. पायगिटहब आळशी पद्धतीने माहिती आणते: यादीत आलेल्या वस्तूचा एखादा गुणधर्म त्या यादीत नसेल, तर तो वाचताक्षणी मागे एक नवी विनंती जाते. लिहिणाऱ्याला वाटतं आपण एक चल वाचतो आहोत. तो फेरा हजार वस्तूंवर फिरला की हजार विनंत्या गेलेल्या असतात. दोन हजार इश्यूंचा बॅकअप घ्यायचा तर यादीला शंभराच्या पानांनी वीस विनंत्या पुरतात. पण प्रत्येक इश्यूच्या प्रतिक्रिया वेगवेगळ्या मागितल्या तर त्यावर आणखी दोन हजार. पूर्ण रेपोच्या सगळ्या प्रतिक्रिया एकत्र देणारा पत्ताही आहे आणि लायब्ररीत त्याची पद्धतही आहे. तीच वापरावी, मग प्रत्येक प्रतिक्रियेत तिच्या इश्यूचा पत्ता असतोच, जुळवाजुळव आपल्या यंत्रावर करता येते.

नंदिगड्ड्यासारख्या जागेवरून पाहिलं तर हा हिशेब आणखी कडक होतो, कारण तिथे प्रत्येक विनंती म्हणजे सिग्नल टिकेल की नाही याची परीक्षा. एपीआयमध्ये अशा जागांना उपयोगी पडणाऱ्या दोन सोयी आहेत आणि त्यांचा वापर फार कमी होतो. पहिली, अमुक तारखेनंतर बदललेलेच इश्यू द्या असं सांगता येतं. रोज संपूर्ण यादी ओढण्याऐवजी काल रात्रीपासूनचे बदल घ्यायचे, दोन-तीन पानांत काम होतं. दुसरी सोय ईटॅगची. उत्तरासोबत आलेली खूण जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी ती सोबत पाठवायची; काही बदललं नसेल तर सेवा ३०४ हा छोटा निरोप देते, मजकूर पाठवत नाही, आणि टोकनासह केलेली अशी विनंती कोट्यातही धरत नाही.

तुटक्या लाइनवरचा खरा धोका वाचताना नसतो, लिहिताना असतो. इश्यू तयार करण्याची विनंती गेली आणि उत्तर यायच्या आत रेंज गेली, तर इश्यू झाला की नाही हे आपल्याला कळत नाही. लायब्रऱ्या अपयशी विनंती पुन्हा पाठवतात, त्यांना आपण तसं सांगितलेलं असतं किंवा ते आधीच ठरलेलं असतं. वाचण्याच्या विनंतीला त्यात काही बाधा नाही. लिहिण्याच्या विनंतीने मात्र एकाच मजकुराचे दोन-तीन इश्यू उभे राहू शकतात. म्हणून लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक नोंदीच्या मजकुरात आपली एक खूण ठेवावी आणि पुन्हा पाठवण्याआधी ती खूण असलेली नोंद आहे का हे पाहावं. शक्य असेल तिथे तर हे लांबलचक काम गावातल्या लाइनवरून करूच नये. गिटहबवर किंवा गिटलॅबवर ठरल्या वेळी चालणारी कामं लावता येतात. प्रोग्रॅम तिथेच, त्यांच्या यंत्रावर, रात्री चालतो आणि तयार झालेली एकच फाइल सकाळी रेंजमध्ये उतरवून घ्यायची. दूरच्या गावांतून काम करणाऱ्या मुलामुलींना ही गोष्ट कोणी समजावून सांगत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण तुटक्या लाइनच्या गैरसोयीवर तोडगा असतो तो नेमका इथेच.

टोकनाबद्दल चार शब्द बोलायलाच हवेत. गिटहबने नोव्हेंबर २०२० पासून एपीआयसाठी पासवर्ड घेणं थांबवलं आणि ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठीही. तेव्हापासून एपीआयसाठी टोकन हीच किल्ली. जुन्या पद्धतीच्या टोकनाला रेपोचा अधिकार दिला की तो त्या माणसाला पोचता येईल अशा झाडून सगळ्या रेपोंना लागू होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या बारीक अधिकारांच्या टोकनात ठरावीक रेपो, ठरावीक परवानगी आणि मुदत निवडता येते. बॅकअपला फक्त वाचण्याचा अधिकार पुरतो. रेपो पुसण्याचा अधिकार जुन्या टोकनातही वेगळा मागावा लागतो; तो न मागणं हेच शहाणपण, कारण संकेतस्थळावर रेपो पुसताना नाव टाइप करायला लावतात, तर लायब्ररीतून एका ओळीत तो जातो. गिटलॅबने मे २०२३ पासून टोकनांना कमाल ३६५ दिवसांची मुदत लावली. मुदत न लिहिलेल्या जुन्या टोकनांनाही ती लागू झाली, आणि मे २०२४ मध्ये जगभरातली पुष्कळ कामं एकदम थांबली, कारण ती कोणत्या टोकनावर चालतात याची नोंदच कोणाकडे नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये तर हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या सेवांना दिलेली टोकनं चोरीला जाऊन त्यांच्या आधारे खासगी रेपो उतरवून घेतले गेले. दुसऱ्याला किल्ली दिली की त्याच्या घरची कुलपंही आपली जबाबदारी होतात.

मराठी माणसांच्या जवळचं सर्वांत मोठं प्रत्यक्ष उदाहरण मुंबईच्या फ्रापे टेक्नॉलॉजीजचं. रुषभ मेहता यांच्या या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जगभर वापरलं जातं आणि त्याचा कोड गिटहबवर खुला आहे. फ्रापे क्लाउड या त्यांच्या सेवेत ग्राहक आपल्या गिटहबवरच्या रेपोतून स्वतःचं ॲप आणून बसवतो. त्यासाठी सेवेला ग्राहकाचे रेपो आणि ब्रँचेस पाहाव्या लागतात आणि नवा कमिट आला की कळावं लागतं. ही सेवा ज्यावर चालते तो प्रेस नावाचा कोडही खुला असल्याने त्यांनी हे कसं केलं ते वाचता येतं. त्यांनी माणसाचं टोकन न घेता गिटहब ॲपची पद्धत घेतली आहे. ॲपच्या खासगी किल्लीने सही केलेला, जास्तीत जास्त दहा मिनिटं चालणारा परवाना गिटहबला दाखवायचा आणि त्याबदल्यात एक तास चालणारं टोकन घ्यायचं. ग्राहकाने जे रेपो निवडून दिले तेवढेच त्या टोकनाला दिसतात. आणि एवढ्या कामासाठी त्यांनी पायगिटहबसारखी मोठी लायब्ररी घेतलेली नाही. लागणारे मोजके पत्ते थेट गाठले आहेत. मला हा निर्णय योग्य वाटतो. चार-पाच पत्त्यांचं काम असेल, प्रत्येक विनंतीवर आपला ताबा हवा असेल, तर लायब्ररी टाळावी. शेकडो वस्तू, पानंच पानं, अनेक प्रकारच्या नोंदी असतील तिथे ती घ्यावी.

शिक्षकांचा उपयोग वेगळा. बेळगाव, कारवार, पणजी, पुणे इथल्या कॉलेजांत साठ मुलांच्या वर्गाला एकाच साच्यातून साठ रेपो काढून द्यायचे, प्रत्येकाला आपापल्या रेपोचा अधिकार द्यायचा, मुदत संपली की लिहिणं बंद करायचं. हे लायब्ररीत वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. इतकंच की गिटहब नवी सामग्री घालणाऱ्या विनंत्यांना साधारण मिनिटाला ८० आणि तासाला ५०० अशी वेगळी मर्यादा लावतो, म्हणून दोन विनंत्यांमध्ये श्वास घ्यायला हवा. पायगिटहबच्या दुसऱ्या पिढीच्या आवृत्त्या लिहिण्याच्या विनंत्यांमध्ये स्वतःहून एक सेकंद थांबतात; तो विलंब काढून टाकायची घाई करू नये. आणि असा प्रोग्रॅम आधी काहीही न बदलता, काय करणार आहे ते नुसतं छापून दाखवेल असा लिहावा. मोठ्या संस्था याच कारणासाठी टेराफॉर्मकडे वळतात. तिथे कोणाला कोणता अधिकार ही यादी फाइलीत लिहिलेली असते आणि प्रत्यक्ष व यादी यांतला फरक आधी दाखवला जातो. त्याच्या पोटातही गो-गिटहबच आहे.

मराठीच्या कामाकडे या नजरेने पाहिलं की काळजी वाढते. आयआयटी मुंबईतल्या संधी उपक्रमातून आलेला शोभिका हा देवनागरी फाँट, मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, पुण्याच्या एलथ्रीक्यूबचे मराठीसाठीचे डेटासंच आणि मॉडेलं, डेटामीटने जमवलेले महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकातल्या गावांच्या सीमांचे नकाशे, ही सगळी कामं गिटहबवर आहेत. यांतल्या फाइली कोणीही क्लोन करून ठेवू शकतो. पण मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा कसा काढायचा, र्‍य आणि र्य यांतला फरक कोणत्या प्रणालीत मोडतो, अमुक गावाची सीमा चुकीची का वाटते, असल्या प्रश्नांची जागा इश्यू हीच आहे. भाषेचं ज्ञान तिथे साचतं, आणि क्लोनमध्ये ते येत नाही. कोविडच्या काळात कोविड१९इंडिया या स्वयंसेवकांच्या गटाने आकडे सुरुवातीपासून खुल्या फाइलींच्या रूपात देण्याची शिस्त पाळली होती. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी काम थांबवलं तेव्हा तोवरचा साठा लोकांच्या हाती राहिला. जे प्रकल्प आपला व्यवहार इश्यूंमध्ये ठेवतात त्यांनी ही शिस्त स्वतः लावून घ्यायला हवी.

नोंदी बाहेर काढणं आणि त्या दुसरीकडे जशाच्या तशा लावणं ही मात्र दोन वेगळी कामं आहेत. गिटलॅब पूर्ण प्रकल्पाची एकच बांधलेली फाइल देतो आणि पायथन-गिटलॅबमधून ती मागता येते. गिटहबवरून नोंदी आणण्याची सोय गिटलॅबमध्ये आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या गिटी या प्रणालीतही आहे. गिटलॅबच्या त्या सोयीत रुबीतलं ऑक्टोकिटच वापरलेलं आहे. पण गिटहबच्या नेहमीच्या एपीआयने नवा इश्यू लिहिताना मूळ लेखकाचं नाव आणि मूळ तारीख देता येत नाही; टोकन ज्याचं, इश्यू त्याचा, आणि तारीख आजची. म्हणून स्थलांतरानंतर जुन्या चर्चा एकाच माणसाने एका दिवशी लिहिल्यासारख्या दिसण्याची पाळी येते. मूळ जेसॉन जसंच्या तसं जपून ठेवावं, ते यासाठी. एकाच कोडने अनेक सेवा हाताळायच्या असतील तर रेड हॅटच्या परिसरातून आलेली ओजीआर ही पायथन लायब्ररी आहे. ती गिटहब, गिटलॅब आणि पॅग्यूर यांना एका साच्यात बसवते. अशा लायब्रऱ्यांत सगळ्यांना समान असलेलंच तेवढं मिळतं, एखाद्या सेवेची खास गोष्ट सुटते. स्थलांतराची तयारी म्हणून त्या चांगल्या, रोजच्या कामाला तोकड्या.

स्वतःचं दार उभारणं हाही मार्ग आहे. सरकारी कोड खुला करण्याच्या २०१५ च्या धोरणानंतर केंद्र सरकारने ओपनफोर्ज उभं केलं. गटांना गिटी किंवा त्यातून २०२२ मध्ये फुटलेलं फोर्जेयो छोट्या सर्व्हरवर चालवता येतं आणि त्यांचा एपीआय गिटहबच्या वळणाचा आहे. पण सर्व्हर सांभाळणारा माणूस दोन वर्षांनी नोकरीला दुसरीकडे गेला तर काय, याचं उत्तर असल्याशिवाय मी कोणत्याही स्वयंसेवी गटाला तो सल्ला देणार नाही. त्यांच्यासाठी मोठ्या सेवेवर राहणं आणि नोंदी नियमित बाहेर काढणं हेच बरं.

तेव्हा मराठीसाठी, कोकणीसाठी, आपल्या भागाच्या नकाशांसाठी किंवा शाळांसाठी एखादा रेपो चालवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. या आठवड्यात फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं एक टोकन काढा, त्याची मुदत दोघा सहकाऱ्यांच्या कॅलेंडरात लिहा, उघडे आणि बंद दोन्ही इश्यू, प्रतिक्रिया, पुल रिक्वेस्ट, लेबलं आणि प्रसिद्ध आवृत्त्या जेसॉनमध्ये उतरवा, आकडे ताडून पाहा, आणि ती फाइल दुसऱ्या गावातल्या एका सहकाऱ्याकडेही ठेवायला द्या.